जुनी नाव आपल्या नावावर करताना: ग्रीसमधल्या मोटर यॉटचे कागद

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेव्हेझासमोर आक्तिओ आहे. तिथल्या यार्डांत हिवाळाभर बोटी टेकूंवर उभ्या असतात. त्यांत १२-१३ मीटरच्या, दोन डिझेल इंजिनांच्या, पस्तीस-चाळीस वर्षांच्या मोटर यॉटही दिसतात. नव्या बोटीच्या मानाने त्या बऱ्याच स्वस्त पडतात. ब्रिटनमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसालाही अशी बोट घेता येते. मी स्वतः १९८८ची एक सांभाळतो. बोटीवर जीव जडला की कागद मागे पडतात, आणि जुन्या बोटीत नेमकं तेच महागात पडतं. म्हणून आधी फाइल उघडा, मग इंजिनाचं झाकण.

पात्रता कशावर ठरते?

बहुतेक ठिकाणी पासपोर्टपेक्षा तुम्ही राहता कुठे हे जास्त महत्त्वाचं. ब्रिटिश झेंड्यासाठी, म्हणजे बोट ब्रिटनमध्ये नोंदवण्यासाठी, सर्वात सोपी नोंदणी म्हणजे ‘भाग ३’, म्हणजेच लहान जहाजांची नोंदवही. वर्षातले किमान १८५ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य हवं आणि बोट २४ मीटरपेक्षा लहान हवी. बोट व्यक्तीच्या नावावर असावी, कंपनीच्या नाही. राष्ट्रकुलाचे नागरिक पात्र असल्याने भारतीय पासपोर्ट चालतो. मात्र पुण्यात किंवा पणजीत राहून हा अर्ज करता येत नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि नोंदणी ५ वर्षांची मिळते.

ही नोंदणी मालकीचा पुरावा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मालकी सिद्ध होते ती विक्रीपत्रांच्या साखळीने. पहिल्या मालकापासून तुमच्यापर्यंतची जितकी विक्रीपत्रं मिळतील तितकी मागून घ्या. बोटीवर कर्ज काढायचं असेल तर ब्रिटिश नोंदवहीच्या ‘भाग १’मध्येच नोंदणी करावी लागते. तिथे मालकीचे कागद तपासतात आणि बोटीची अधिकृत मोजणीही करावी लागते.

व्हॅटचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बोटीवर युरोपीय संघातला व्हॅट भरलेला आहे का, आणि त्याचा कागद आहे का? ग्रीसमध्ये व्हॅटचा दर २४ टक्के आहे. ४० हजार युरोच्या बोटीवर तो ९,६०० युरो होतो. मूळ बिल असेल तर उत्तमच. फार जुन्या बोटींना एक सवलत आहे: १ जानेवारी १९८५पूर्वी वापरात आलेली आणि ३१ डिसेंबर १९९२ रोजी संघाच्या हद्दीत असलेली बोट व्हॅट भरलेली मानली जाते. या दोन्ही गोष्टींचा पुरावा लागतो.

ब्रिटिश मालकांच्या बोटींसाठी आणखी एक तारीख आली आहे: ३१ डिसेंबर २०२०. त्या रात्री व्हॅट भरलेली बोट संघाच्या पाण्यात असेल तर तिचा दर्जा टिकला. ब्रिटनमध्ये असेल तर गेला. माझ्या बोटीच्या फाइलमध्ये त्या डिसेंबरची मरीनाची (बोटी ठेवण्याच्या बंदराची) पावती होती. घडीवर फाटलेली, कोपऱ्यात चहाचा डाग. विकणारे गृहस्थ ती टाकून द्यायला निघाले होते. आज ती मी मूळ बिलासोबत प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवतो.

व्हॅट भरलेला नसेल तरी वाट बंद होत नाही. मालक संघाबाहेर राहणारा आणि झेंडा संघाबाहेरचा असेल, तर बोट व्हॅट न भरता, तात्पुरत्या प्रवेशावर, संघात १८ महिने ठेवता येते. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांनी व्हॅट भरलेलीच बोट बघावी.

सीई खुणेचंही, म्हणजे बोट युरोपीय सुरक्षा-नियमांत बसते हे सांगणाऱ्या खुणेचंही, विचारून घ्या. १६ जून १९९८पूर्वी युरोपीय बाजारात आलेल्या बोटीला ती लागत नाही. पण अमेरिकेत बांधलेली जुनी बोट त्यानंतर इकडे आणली असेल, तर नव्याने तपासणी करून खूण घ्यावी लागते, आणि ते काम खर्चिक आहे.

सर्व्हे आणि विमा

जुन्या बोटीला विमा देताना कंपन्या सहसा बोट पाण्याबाहेर काढून केलेला ताजा सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाची तपासणी, मागतात. सर्व्हे चालू असताना तिथे हजर राहा. माझ्या बोटीत सर्व्हेअरने तळातल्या एका पितळी व्हॉल्व्हवर चाकूचं टोक फिरवलं. धातू पिवळा दिसायला हवा होता, दिसला गुलाबी. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून गेलं होतं आणि ठिसूळ तांबं उरलं होतं. असा व्हॉल्व्ह समुद्रात तुटला तर बोट बुडू शकते. मी सगळे व्हॉल्व्ह बदलून ब्राँझचे बसवले, बिलं विमा कंपनीला पाठवली, आणि मगच पॉलिसी मिळाली. विम्याच्या प्रमाणपत्राचा ग्रीक अनुवादही मागून घ्या, बंदरावर तो विचारतात.

बोटीवर ठेवायचे बाकीचे कागद

चालवणाऱ्याकडे आयसीसी, म्हणजे बोट चालवण्याच्या पात्रतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, हवं. ब्रिटनमध्ये ते आरवायए ही नौकानयनाची संस्था देते. १० मीटरपर्यंतच्या आणि त्याहून मोठ्या मोटर बोटींसाठी ते वेगवेगळं असतं, म्हणून अर्ज करताना आपल्या बोटीची लांबी बघा. व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा संपर्काचा रेडिओ) वापरणाऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि बोटीचा रेडिओ परवाना वेगळा. परवाना ऑफकॉम या ब्रिटिश दूरसंचार नियामकाकडून ऑनलाइन, फुकट मिळतो. ग्रीसमध्ये ७ मीटरपेक्षा मोठ्या बोटीला टेपाई हा कर आहे. तो महिन्याच्या हिशेबाने ऑनलाइन भरायचा असतो, आणि १२ मीटरच्या वर मीटरमागे आकारणी होते.

तुमचे दिवस आणि बोटीचे दिवस

बोटीला १८ महिने मिळाले तरी भारतीय पासपोर्टवर तुम्हाला शेंगेन व्हिसा लागतो, आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. इंजिनाचं काम लांबलं म्हणून दिवस वाढवून मिळतील असं धरून चालू नका. म्हणून मी मोठी कामं यार्डावर सोपवतो आणि स्वतःचे दिवस पाण्यासाठी राखतो.

१८ महिने संपायच्या आत बोट संघाबाहेर नेऊन आणली की मुदत नव्याने सुरू होते. आयोनियन समुद्रात त्यासाठी कॉर्फू बेटाहून समोरच अल्बेनियातलं सारांडा आहे. निघताना कॉर्फूच्या कस्टमकडे जुना ट्रान्झिट लॉग (बोटीच्या प्रवेशाची कस्टमची नोंद) बंद करा. सारांडाच्या बंदराची तारीख घातलेली पावती घ्या. परतल्यावर नवा लॉग काढा आणि सगळ्यांची एक प्रत बोटीवर, एक घरी ठेवा.