पाय आर स्क्वेअर एच, हे आलं कुठून?

सिलिंडरचं, म्हणजे आपल्या वृत्तचितीचं घनफळ काढताना उंचीचा भाग सगळ्यात सोपा. तळाचं क्षेत्रफळ काढा आणि उंचीने गुणा, एवढं माणसाला फार आधीपासून जमत होतं. हजारो वर्षं सगळ्यांना छळलं ते तळाच्या गोलाने.

यातला मला सगळ्यात आवडणारा पुरावा इजिप्तचा. ऱ्हाइंड पपायरस, इ.स.पू. 1550 च्या आसपास अहमेस नावाच्या लेखनिकाने त्याहूनही जुन्या लिखाणावरून उतरवून घेतलेला, आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं 41 नंबरचं गणित धान्याच्या गोल कोठाराचं, व्यास 9 हात, उंची 10 हात, तर धान्य किती मावेल? रीत बघा, व्यासातून त्याचाच नववा भाग काढायचा म्हणजे उरले 8, त्याचा वर्ग 64, गुणिले 10 म्हणजे 640 घन हात, मग त्यात निम्मे मिळवले की 960 खार, खार हे त्यांचं धान्याचं माप. आजच्या सूत्राने उत्तर येतं साधारण 636 घन हात! म्हणजे एक टक्काही चूक नाही, आणि या रीतीत पाय कुठे येतच नाही.

बॅबिलोनचे लोक व्यासाऐवजी परीघ धरायचे, परिघाचा वर्ग भागिले 12, मग गुणिले उंची. चीनच्या जुन्या गणितातही हीच रीत आहे. यात पाय सरळ 3 धरल्यासारखा होतो त्यामुळे उत्तर जवळजवळ पावणेपाच टक्के जास्त येतं, पण भरलेल्या कोठाराचा व्यास मोजणार कसा, बाहेरून दोरी गुंडाळली की परीघ मात्र लगेच मिळतो, म्हणून मला ही रीत अडाणी अजिबात वाटत नाही.

ग्रीकांनी सिद्धता दिल्या. शंकू त्याच मापाच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतो हे युक्लिडच्या बाराव्या पुस्तकात आहे.

आपल्याकडे आर्यभटाने 499 मध्ये 20000 व्यासाला 62832 परीघ सांगितला, म्हणजे 3.1416. पुढे भास्कराचार्य, ज्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला सापडला, त्यांच्या 1150 च्या लीलावतीत खड्ड्यांच्या मापाचं वेगळं प्रकरणच आहे, खातव्यवहार. तिथे 10 हात व्यासाचा, 5 हात खोल गोल खड्डा दिलाय आणि उत्तर येतं 392.7 घन हात, आज कॅल्क्युलेटरवर करून बघा, तेवढंच येईल. त्यासाठी त्यांनी 3927 भागिले 1250 हे सूक्ष्म माप वापरलं, पण सोबत 22 भागिले 7 पण दिलं आणि ते व्यवहाराला योग्य आहे असं स्पष्ट म्हटलं. शाळेत आपण अजून तेच वापरतो, आणि हजार लिटरच्या गोल टाकीत त्याने अर्ध्या लिटरचाही फरक पडत नाही.