किम अँग यांनी मार्लिन्स का सोडले?

ऑक्टोबर २०२३ मध्ये किम अँग यांनी मायामी मार्लिन्सच्या जनरल मॅनेजरपदाचा निरोप घेतला, तेव्हा बेसबॉलचे चाहते चकित झाले. त्याच मोसमात संघ ८४ सामने जिंकून प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला होता. पूर्ण मोसम खेळून तिथवर जाणे मार्लिन्सला २००३ नंतर पहिल्यांदाच जमले होते. करार आणखी एक वर्ष पुढे न्यायला मालकांची तयारी होती. नकार अँग यांनी दिला. तो समजून घ्यायचा तर त्यांची तीस वर्षांची वाटचाल पाहायला हवी.

बेसबॉलमध्ये मैदानावरचे डावपेच मॅनेजर ठरवतो. जनरल मॅनेजर मात्र संघच उभा करतो. कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, कोणाच्या बदल्यात कोण आणि किती पैशांत, हे सगळे त्याच्याकडे. पूर्वी या खुर्चीत बहुतेक माजी खेळाडू किंवा क्लबमध्येच वाढलेली माणसे बसत. बाईचा तिथे विचारही होत नसे.

शिकागो विद्यापीठात सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच, मोठ्या चेंडूचा खेळ) खेळलेल्या अँग १९९० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्समध्ये इंटर्न म्हणून आल्या. पुढे त्यांच्याकडे पगाराच्या लवादाचे काम आले आणि माझ्या मते त्यांची खरी घडण तिथेच झाली. लवादात खेळाडू एक आकडा मांडतो, क्लब दुसरा. लवाद या दोनपैकी एकच उचलतो, मधला मार्ग नसतो. त्यामुळे आकडा किंचित जरी अवास्तव असला तरी सगळी बाजू कोसळते. त्यासाठी त्या खेळाडूची आणि त्याच्या तोडीच्या इतरांची कामगिरी तोंडपाठ लागते, शिवाय समोर कसलेला एजंट असताना आवाज स्थिर ठेवावा लागतो. १९९५ मध्ये गोलंदाज ॲलेक्स फर्नांडेझचे प्रकरण अँग यांनी मांडले आणि जिंकले. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, असे प्रकरण मांडणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या.

नंतर काही काळ त्या अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) कार्यालयात होत्या. खेळाडूंचे व्यवहार नियमात बसतात की नाही, हे तपासायचे ते काम. बाहेरून रुक्ष वाटते, पण नियमांची वही ज्याच्या डोक्यात बसली त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. १९९८ मध्ये ब्रायन कॅशमन यांनी त्यांना न्यू यॉर्क यांकीजमध्ये सहायक जनरल मॅनेजर केले. वय २९. मेजर लीगमध्ये त्याआधी या पदावर एकच महिला आली होती, बोस्टनच्या एलेन वेडिंग्टन स्ट्युअर्ड. त्या वर्षापासून यांकीजने सलग तीनदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे विजेतेपद, जिंकली.

२००१ च्या अखेरीस अँग लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये गेल्या. इथून पुढचा भाग वाचताना मला राग येतो. २००५ मध्ये डॉजर्सच्याच सर्वोच्च पदासाठी त्यांची मुलाखत झाली, निवड नेड कोलेटींची झाली. मग सिअ‍ॅटल, सॅन डिएगो, एंजल्स हे क्लब. मुलाखती होत राहिल्या, पद मिळाले नाही. दरम्यान बोस्टनने २००२ मध्ये २८ वर्षांच्या थिओ एप्स्टाइनच्या हाती अख्खा संघ सोपवला होता. एप्स्टाइन हुशार होते, दोन वर्षांत त्यांनी ते सिद्धही केले. पण तरुण आणि मोठ्या पातळीवर न खेळलेल्या माणसावर विश्वास टाकायला क्लब तयार होते, हे त्यातून स्पष्ट होते. अँग यांच्या अनुभवाच्या वाट्याला तो विश्वास आला नाही. २०११ मध्ये त्या मेजर लीगच्या मुख्य कार्यालयात उपाध्यक्ष म्हणून गेल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये मार्लिन्सने त्यांना नेमले. क्लबची सूत्रे तेव्हा डेरेक जीटरकडे होती. यांकीजच्या त्या विजयी संघात तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होता, त्यामुळे अँग यांचे काम त्याने जवळून पाहिले होते. अमेरिकेतल्या पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये संघाची जनरल मॅनेजर होणारी ही पहिली महिला.

पण तोवर त्या खुर्चीचे वजन बदलले होते. एप्स्टाइन २०११ मध्ये शिकागो कब्सचे, तर अँड्र्यू फ्रीडमन २०१४ मध्ये डॉजर्सचे ‘बेसबॉल ऑपरेशन्सचे अध्यक्ष’ झाले आणि ही पद्धत पसरली. अनेक क्लबांत जनरल मॅनेजर आता दुसऱ्या क्रमांकाचा. मार्लिन्समध्ये अँग यांच्यावर असा अध्यक्ष नव्हता, अंतिम शब्द त्यांचा होता. जीटर फेब्रुवारी २०२२ मध्ये बाहेर पडला. पहिले दोन मोसम पराभवाचे गेले. २०२३ च्या सुरुवातीला अँग यांनी गोलंदाज पाब्लो लोपेझ देऊन लुईस अराएझला आणले. अराएझने त्या वर्षी .३५४ च्या सरासरीने (म्हणजे दर हजार संधींमागे ३५४ यशस्वी फटके) नॅशनल लीगच्या फलंदाजीचा किताब जिंकला.

मोसम संपताच मालक ब्रूस शर्मन यांनी अँग यांच्या वर अध्यक्ष नेमायचे ठरवले. तीस वर्षे झगडून मिळवलेला अधिकार, संघ वर येत असतानाच, दुसऱ्याच्या हाती जाणार होता. माझ्या मते त्यांचा नकार पूर्ण योग्य होता. महिनाभरातच मार्लिन्सने टँपा बेचे पीटर बेंडिक्स यांना ते पद दिले. अँग एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या ॲथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीगच्या आयुक्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात मेजर लीग बेसबॉलने त्या लीगमध्ये गुंतवणूक जाहीर केली.