संगणकबिघाड : लष्करी आपत्कालीन नियोजन

संगणक यंत्रणा एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर बंद पडल्या किंवा चुकीची माहिती देऊ लागल्या, तर सैन्यदलांनी काय करायचे याची आगाऊ आखणी. या व्याख्येतला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. बंद पडलेले यंत्र निदान बंद दिसते. चालू राहून खोटे सांगणाऱ्या यंत्राची धास्ती जास्त. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावाची टेप चुकून खऱ्या यंत्रणेत गेली आणि पडद्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रे दिसू लागली. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहाने असाच इशारा दिला. हल्ला करायचाच तर अमेरिका मोजकी पाच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल, एवढ्या साध्या हिशेबावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला.

या नियोजनाची सर्वांत मोठी तालीम १९९९ मध्ये झाली. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेले असल्याने २००० उजाडताच संगणक ते १९०० समजतील, ही ‘वायटूके’ची अडचण. कॅनडाने ‘ऑपरेशन अ‍ॅबॅकस’ या नावाखाली नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी सैन्य सज्ज ठेवले. अ‍ॅबॅकस म्हणजे मोजणीची मण्यांची पाटी; संगणक फसलाच तर मणी मोजू, असा त्या नावातला मिस्कीलपणा. अमेरिकेने कोलोरॅडोतील पीटरसन हवाई तळावर रशियन अधिकाऱ्यांना आपल्या अधिकाऱ्यांशेजारी बसवले. दोघांनी एकच माहिती पाहायची, म्हणजे गैरसमजातून अणुयुद्ध पेटणार नाही. त्याच काळात रशियाने चेचन्यावर खरीखुरी स्कड क्षेपणास्त्रे डागली आणि ती कुठे चालली आहेत हे सगळ्यांना एकत्रच कळले.

मुंबईत वायटूके म्हणजे आधी काम. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात आणि नरीमन पॉइंटच्या कचेऱ्यांत परदेशी बँकांचे, विमा कंपन्यांचे कोबोल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासले जात होते. वॉशिंग्टनची झोप उडवणाऱ्या दोन आकड्यांवर इकडे अनेकांचे घराचे हप्ते फिटले, हेही नोंदवायला हवे. मुंबईत मध्यरात्र झाली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दुपारचा दीड वाजला होता. म्हणजे इथली रात्र ही त्यांची रंगीत तालीमच. देशाचे लक्ष मात्र कंदाहारकडे होते : अपहृत विमानातल्या प्रवाशांची सुटका त्याच ३१ डिसेंबरची.

त्या रात्री लष्कराला बसलेला मोठा फटका अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांचा. ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्रीनंतर, मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजून गेल्यावर, उपग्रहांची माहिती वाचणारी जमिनीवरची यंत्रणा काही तास आंधळी झाली. उपग्रह ठणठणीत होते. बिघाड झाला तो वायटूकेसाठी केलेल्या दुरुस्तीमुळे.

हा धागा पुढेही सापडतो आणि मुंबईच्या वेशीपर्यंत येतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पसरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याने न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. युक्रेनवरच्या हल्ल्याचे कंटेनर उरणला अडकले, असे म्हणायला हरकत नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसवले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. औषधच बाधले, असे हे तीन प्रसंग आहेत. म्हणून केवळ ‘यंत्रणा अद्ययावत ठेवा’ एवढ्यावर थांबणारे नियोजन अपुरे पडते.

मुंबईची अडचण जागेची आहे. नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आणि गोदी भर शहरात. लायन गेटच्या आत युद्धनौका, बाहेर बसची रांग. शहर अंधारले तर नौदलाला आपले काम सांभाळून शहराच्या मदतीलाही धावावे लागणार. राज्याचे वीजजाळे कोसळले तरी मुंबईला वेगळे काढून उजेडात ठेवणारी ‘आयलंडिंग’ व्यवस्था दशकानुदशके शहराच्या अभिमानाचा विषय होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास तीही उपयोगी पडली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढे मार्च २०२१ मध्ये सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. बिघाड की हल्ला, याचा वाद महिनोन्‌महिने चालू शकतो. नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्याच्या हाती मात्र काही मिनिटे असतात आणि उत्तर ठाऊक नसतानाच त्याला पहिला हुकूम द्यावा लागतो.

त्यामुळे आखणीचा गाभा जुनाटच राहतो : कागदी नकाशे, दूरवर पोचणारा एचएफ (उच्च वारंवारतेचा) रेडिओ, हाताने भरायचे लॉगबुक, निरोप घेऊन धावणारा माणूस. मुख्य म्हणजे त्यांचा सराव हवा, कारण कपाटातला सेक्स्टंट (ताऱ्यांची उंची मोजायचे उपकरण) आपोआप चालत नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढण्याचे शिक्षण जीपीएसच्या भरवशावर बंद केले होते. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू करण्यात आले.