चीक लागला की जंतू शिरला?

मे महिन्यात मुंबईहून पोरं गावी येतात, दिवसभर रायवळ आंबे चोखतात आणि चार दिवसांत एखाद्याच्या ओठाच्या कडेला फोड उठतो. आमच्या रत्नागिरीकडे निदान ठरलेलं असतं: चीक लागला. मांडीवर किंवा काखेत गळू आलं, तर आंबा बाधला. दोन्हीवर खोबरेल लावून विषय संपतो. गेल्या वर्षी आमच्याच घरी भाच्याच्या हनुवटीवरच्या फोडाला आम्ही चीक म्हणत राहिलो. पंधरा दिवसांत आणखी दोन पोरं आणि त्यांची आजी फोडांनी बेजार झाली. चीक एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तिघांच्याही चिकात किंवा तेलात कातडी पोळणारी द्रव्यं असतात. आंब्यात ती देठाशी आणि सालीत जास्त, म्हणून कापून फोडी खाणाऱ्यापेक्षा सालीसकट चोखणाऱ्याचं तोंड उततं. चट्टा येतो तो साल किंवा चीक टेकला तिथेच: ओठ, गाल, आंबे काढणाऱ्याचं मनगट. आधी जळजळ आणि खाज, मग बारीक पाणीदार फोड. काही दिवसांत ते सुकतात. त्या फोडांतलं पाणी दुसऱ्याला लागलं तरी काही होत नाही. हाताला राहिलेला चीक मात्र डोळ्याला लागू शकतो, म्हणून आंबा खाल्ल्यावर हात-तोंड साबणाने धुवायचं.

दुसरा प्रकार जंतूचा, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियसचा. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. कातडी खरचटली की आत शिरतो. मग गळू होतं: लाल, गरम, ठणकणारं, पुवाने भरलेलं. लहान मुलांत तोंडाभोवती मधाच्या रंगाची ओलसर खपली धरते. फसगत इथेच होते, कारण चिकाचा चट्टा पोर नखाने ओरबाडतं आणि त्याच जखमेत जंतू जातो. सुरुवात चिकाची, पुढचं सगळं जंतूचं. आंबा कधी टेकलाच नाही अशा जागी नवे फोड आले, किंवा घरात दुसऱ्या कुणाला आले, तर चीक हे उत्तर सोडून द्यावं.

हा जंतू औषधांना सरावतो, ही खरी काळजीची गोष्ट. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफसाठी १९५९ साली मेथिसिलिन वापरात आलं आणि १९६१ मध्येच इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूची नोंद झाली. तोच एमआरएसए. पूर्वी तो मुख्यतः इस्पितळांत सापडे, आता धडधाकट माणसांच्या घरीही सापडतो. म्हणून कपाटात उरलेल्या अर्ध्या पट्टीतल्या गोळ्या शेजारच्या पोराला देऊ नयेत. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. गळू पिळूही नये. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला की लहान गळू कित्येकदा तेवढ्यानेच बरं होतं. पुन्हा पुन्हा येत असेल तर पू तपासायला पाठवा, कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं. ताप आला, लाली पसरू लागली, फोड नाका-डोळ्याजवळ असला, किंवा रुग्ण तान्हं बाळ अथवा मधुमेही असला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

घरात तो पसरतो कसा, हे आमच्या न्हाणीघराच्या दारावर लटकत होतं: सगळ्यांना मिळून एकच पंचा. आता प्रत्येकाचा वेगळा आहे. दाढीचं पातं, साबणाची वडी, उशीचा अभ्राही ज्याचा त्याचा. फोडावर कोरडी पट्टी बांधायची, ती बदलल्यावर पिशवीत बांधून टाकायची आणि लगेच साबणाने हात धुवायचे. शेकायला घेतलेलं फडकं पुन्हा तसंच वापरायचं नाही. पडवीत पोरं ओळीने झोपतात तेव्हा फोडवाल्याचं अंथरूण जरा बाजूला घालायचं, पण त्याला घाणेरडा म्हणायचं नाही. तसं म्हटलं की पोर फोड लपवतं.

जूनमध्ये पाऊस लागला की आंबे संपतात आणि चिकाचे फोडही. कपडे मात्र वाळेनासे होतात. ओलसर पंचा तसाच अंगाला पुसण्यापेक्षा गरम पाण्यात धुऊन, चुलीच्या वर दोरीवर खडखडीत वाळवून घ्यावा.