बाजेचे चार पाय आणि एक बोट

फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे एक दृश्य हमखास दिसतं. धुऱ्यावर उभा असलेला कास्तकार दातांनी हातमोजा ओढत असतो, कारण खिशातला फोन वाजतोय आणि मोजा घातलेल्या बोटाला फोनचा पडदा काही दाद देत नाही. विषारी औषधाचा मोजा तोंडात धरणं म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्याला २०१७ च्या फवारणीतल्या विषबाधेनंतर वेगळं सांगायला नको. पण फोन उचलायचा तर दुसरा हातही रिकामा नसतो.

मोजा नसला तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. शेजारचे काका कापूस वेचणीच्या हंगामात फोन माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "माह्यं बोट ह्याले दिसतच नाही." सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी त्यांच्या बोटांची कातडी कडक झालेली, भेगाळलेली असते. (रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही ही तक्रार वेगळी. तिथे रेषा वाचायच्या असतात, इथे बोट आहे की नाही एवढंच कळायला हवं.)

फोनचा पडदा किंवा लॅपटॉपचा टचपॅड सहसा बोटाचा दाब मोजत नाही. काचेखाली आडव्या-उभ्या वाहक पट्ट्यांची जाळी असते आणि त्या पट्ट्यांमध्ये विजेचं क्षेत्र असतं. आपलं शरीर म्हणजे खारट पाण्याची पिशवी. बोट जवळ आलं की ते क्षेत्राचा थोडा हिस्सा स्वतःकडे ओढतं. हा फरक पिकोफॅरडच्या काही अंशाचा असतो, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरडच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. एवढी बारीक चोरी पकडून पडदा जागा ओळखतो. मध्ये रबराचा मोजा आला किंवा कातडीचा कोरडा जाड थर आला, की चोरी आणखी बारीक होते आणि पडदा ती सोडून देतो. उलट पावसाचा थेंब पडला तर त्यालाच बोट समजतो. या पद्धतीच्या पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात मांडली, ती विमान वाहतूक नियंत्रकांसाठी. त्यांच्या बोटांना वेचणीच्या भेगा नसणार.

मग बोट विजेने न ओळखता वजनाने ओळखलं तर? मोजा असो, भेग असो की विळ्याची मूठ असो, दाबलं म्हणजे दाबलं.

बोट किती जोरात दाबलं हे कुठलाही काटा सांगेल. पण ते कुठे दाबलं, हे काटा कसा सांगणार? इथे बाज आठवावी. बाजेवर एकटा माणूस उशाकडे डाव्या कोपऱ्यात बसला, तर त्या पायावर सगळ्यात जास्त भार येतो आणि समोरचा तिरपा पाय जवळजवळ मोकळा राहतो. पूर्वी आजारी माणसाला बाजेवर टाकून दवाखान्यात न्यायचे, तेव्हा चार खांदेकऱ्यांना मागे न पाहता कळायचं की माणूस कुणाच्या बाजूला सरकलाय. जागेची माहिती चार पायांवरच्या भारात आधीच असते. काटा ती बेरीज करून टाकतो आणि हरवतो.

बेरीज करायच्या आधी चारही आकडे वेगळे वाचले तर? ३० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद काच घ्या. चार कोपऱ्यांखाली चार संवेदक. बोट दाबल्यावर मागचा डावा ६० ग्रॅम सांगतो, मागचा उजवा १४०, पुढचा डावा ९०, पुढचा उजवा २१०. बेरीज ५००, म्हणजे बोट अर्धा किलोच्या जोराने दाबलं. उजव्या बाजूचे दोन मिळून ३५०, म्हणजे एकूण भाराचा सात दशांश. तेव्हा बोट डाव्या कडेपासून ३० च्या सात दशांशावर, २१ सेंटीमीटरवर आहे. मागचे दोन मिळून २००, म्हणून पुढच्या कडेपासून ८ सेंटीमीटर. जोर आणि जागा दोन्ही मिळाले, तेही पाचवीच्या गणितात.

या हिशोबातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की बाज कलती असली तरी तो बिघडत नाही. एक पाय तोकडा असेल तर त्याच्या वाट्याचा भार शेजारचे दोघे घेतात, कोण किती घेईल ते बदलतं, पण डाव्या-उजव्या बाजूंचा तोल तोच राहतो. खरं तर तीन पायही पुरतात. चौथा सोयीसाठी.

आता संवेदक. कापसाच्या खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर ज्या धर्मकाट्यावर चढतो, त्याच्या खाली हेच असतात, फक्त टनांचे. पोलादाच्या ठोकळ्यावर नागमोडी वळणांची धातूची पातळ पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा वाकला की पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते, आणि तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. ताणलेल्या तारेचा विरोध बदलतो हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये दाखवलं होतं. कामाची पट्टी यायला मात्र १९३८ उजाडलं. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे बनवली. रूज यांना पाण्याच्या टाकीच्या नमुन्यावर भूकंपाचा ताण मोजायचा होता. बदल किती? ३५० ओहमच्या (ओहम हे या विरोधाचं माप) पट्टीत एक ओहमही नाही. म्हणून चार पट्ट्या व्हीटस्टन पूल नावाच्या चौकोनी जोडणीत जोडतात, म्हणजे फक्त फरक उरतो आणि उन्हाने चौघींनाही सारखाच येणारा ताव एकमेकांत जिरतो.

काचेवरचा स्पर्श अशा पट्ट्यांनी ओळखायची कल्पना नवी नाही. क्रिस्टोफर हेरोट आणि गाय वाइनझापफेल यांनी एमआयटीत १९७८ मध्येच ती करून दाखवली होती. मी आणि भाच्याने गेल्या उन्हाळ्यात केली ती नक्कल: स्वयंपाकघरातल्या काट्यात असतात तसे चार लोडसेल (म्हणजे वरचेच पट्टीवाले संवेदक), त्यांचा विजेचा इशारा आकड्यात बदलणाऱ्या चार एचएक्स७११ चिपा आणि खिडकीची काच.

काच ठेवल्याबरोबर आकडे चढले, कारण काचेचंच वजन पाऊण किलो. ते वजा केलं. मग बोट टेकवलं तर त्याची जागा दाखवणारा ठिपका स्क्रीनवर बेडकासारखा उड्या मारत चालला. भाचा म्हणे, "मामा, काहून असं करते?" विकत आणलेल्या पाट्यांवर ही चिप सेकंदाला फक्त दहा वेळा वाचत होती. चिपेच्या एका पिनेची जोडणी बदलून ती ऐंशीवर नेली, तेव्हा चाल सुधारली.

हलक्या स्पर्शाला मात्र आम्हाला हार मानावी लागली. प्रत्येक आकड्यात एक-दोन ग्रॅमची चूक चालायचीच. बोट अर्धा किलोने दाबत असेल तर दोन ग्रॅमची चूक जागेत मिलिमीटरभर येते. बोट दहाच ग्रॅमने टेकलं, तर तीच चूक भागाकारात सहा सेंटीमीटर होते. म्हणून चाळीस ग्रॅमच्या खालचा स्पर्श आम्ही स्पर्शच मानला नाही. याचा फायदाही झाला. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात पुलालाही ऊन झेपत नव्हतं आणि कुणी हात न लावता ठिपका फिरायला लागला होता. काच मोकळी असली की शून्य हळूहळू नव्याने धरायचं, असं केल्यावर तो थांबला. काट्यावाला माल चढवण्याआधी झिरो करतो, तसंच.

बोट घासत नेताना आणखी एक गंमत. बोट फक्त खाली दाबत नाही, आडवंही ओढतं. संवेदक काचेच्या वरच्या पृष्ठभागापासून एक सेंटीमीटर खाली असतील आणि आडवा जोर दाबाच्या निम्मा असेल, तर ठिपका अर्धा सेंटीमीटर पुढे पळतो. संवेदक जितके वर सरकवता येतील तितके बरे.

दोन बोटांचं मात्र काही होत नाही. बाजेवर दोघं बसले तर पायांना दोघांच्या मधला एक न दिसणारा तिसराच माणूस कळतो. म्हणून ॲपलने २०१५ मध्ये मॅकबुकच्या टचपॅडखाली चार कोपऱ्यांत जोर मोजणारे संवेदक बसवले, तरी जागा शोधायचं काम विजेच्या जाळीकडेच ठेवलं. त्या टचपॅडला बटण नाही. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक चुंबकी मोटर काचेला आडवा झटका देते, आणि आपल्या बोटाला वाटतं की काहीतरी खाली दबलं. बोट इतकं सहज फसतं हे मला जास्त नवलाचं वाटतं.

काका आले. आधी मोज्याने दाबून पाहिलं, मग विळ्याच्या मुठीने. ठिपका दोन्ही वेळा बरोबर जागी. "बाजच हाये ही," ते म्हणाले, आणि पिशवीतून दुकानातून आणलेली किलोची साखरेची पुडी काढून काचेवर ठेवली. आकडा ९६० वर थांबला. त्यांनी पुडी उचलून पुन्हा ठेवली, थोडी डावीकडे. ठिपका डावीकडे गेला. आकडा ९६०च.