डोहाळजेवण, वांग आणि पर्समधली ट्यूब

गेल्या वैशाखात परभणीजवळच्या एका गावात भाचीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांची वाडी आणि दोन्ही गालांवर वांगाचे ठसठशीत डाग. फोटोच्या आधी तिनं पर्समधून ट्यूब काढली. "मेडिकलवाल्यानं दिली, मामी. आठ दिवसांत फरक पडतो म्हणला." अक्षर इतकं बारीक की मोबाइलनं फोटो काढून, मोठा करून वाचावं लागलं: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनोइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के.

म्हणजे एका ट्यूबमध्ये तीन औषधं. ट्रेटिनोइन हे अ जीवनसत्त्वाचंच आम्लरूप. गर्भात डोकं, हृदय, कान कुठे आणि कसे घडायचे याचे निरोप पेशींना याच आम्लातून जातात, त्यामुळे त्याचं प्रमाण बिघडलं की घडणंच बिघडतं. मुरमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं, हे पक्कं ठाऊक आहे. मलमातून रक्तात फार थोडं उतरतं, तरी डॉक्टर गरोदरपणी ते बंदच ठेवायला सांगतात. 'रेटिनॉल' (हेही अ जीवनसत्त्वच) लिहिलेल्या क्रीमलाही हाच नियम. अवयव घडतात ते मुख्यतः गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचं कळायच्या आधीच सुरुवात झालेली असते. भाची त्याच्या पुष्कळ पुढे होती, म्हणून तिला घाबरवलं नाही, ट्यूब मात्र काढून घेतली.

डाग फिका करणाऱ्या हायड्रोक्विनोनची गोष्ट वेगळी. त्याचा रेणू इतका लहान की लावलेल्यापैकी 35 ते 45 टक्के शरीरात शिरतं. त्यानं बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण डागासाठी एवढं रसायन रक्तात कशाला? राहिलं मोमेटासोन. ते स्टेरॉइड आहे, चेहऱ्यावर फार दिवस लावलं तर कातडी पातळ करून लाल शिरा उठवणारं. आठ दिवसांत जो 'फरक' पडतो, त्यात त्याचा मोठा हात असतो.

मला जास्त धास्ती आठवडी बाजारातल्या बिनलेबलच्या, गोरं करणाऱ्या क्रीमच्या डबीची. त्यात पारा असू शकतो. त्वचेचं रंगद्रव्य बनवायचं काम टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) करतं. पारा त्या विकरालाच अडवतो आणि रंग उतरतो. पण तोच पारा मूत्रपिंडात साठतो आणि वारेतून बाळापर्यंतही पोचतो. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेलाही दशलक्षात 1 भागापलीकडे चालत नाही; मूळ नियमांत डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी दशलक्षात 70 भागांपर्यंत सूट होती. डबीवर घटकच लिहिलेले नसतील तर हे सगळं कोण तपासणार?

वांग मुळात गरोदरपणातल्या संप्रेरकांनी उठतो आणि उन्हानं गडद होतो. आमच्याकडचं ऊन तर सांगायलाच नको. त्यामुळे भाचीला सांगितलं ते साधंच: झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लाव, आणि गाडीवर पोरी बांधतात तसा सुती स्कार्फ गालावरून घट्ट घे. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात. नाही झाले तर अंगावर पाजतेस हे सांगून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

ट्यूब माझ्या हातात बघून आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला नको तर मला दे की, माझं काय पोट हाय?"

त्यांच्या गालांवर लाल शिरांची जाळी आधीच उठलेली होती. विचारलं तर कळलं, मेडिकलवाल्याचीच ट्यूब, दोन वर्षांपासून.