सुगम्यता की वाजवी सोय? अर्ज कशासाठी करायचा ते आधी ठरवा

दिव्यांगांच्या हक्कांसाठी कुठल्याही कार्यालयात गेलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक: "आमच्याकडे अजून कुणी दिव्यांग आलेलंच नाही, आलं की रॅम्प करू." दुसरं: "रॅम्प केलाय की, आता आणखी काय हवंय?" पहिल्या उत्तरात सुगम्यतेला वाजवी सोय समजलं जातं आणि दुसऱ्यात वाजवी सोयीला सुगम्यता. हा घोळ फक्त अधिकाऱ्यांचाच असता तर निभावलं असतं. आपले कार्यकर्तेही एकाच अर्जात दोन्ही मागण्या कालवतात आणि मग दोन्ही लटकतात.

आधी फरक पाहू. सुगम्यता म्हणजे इमारत, बस, संकेतस्थळ, फॉर्म या गोष्टी मुळातच सगळ्यांना वापरता येतील अशा करणं. कुणी मागण्याची वाट न पाहता, आधीच. वाजवी सोय ही एका विशिष्ट व्यक्तीसाठी, तिच्या विशिष्ट अडचणीवर, तिने सांगितल्यानंतर केलेली तजवीज असते. इंग्रजी शब्द 'रिझनेबल अकोमोडेशन' असा आहे. 'अकोमोडेशन' ऐकून आपल्याला लॉजची खोली आठवते, पण इथे राहण्या-झोपण्याचा काही संबंध नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या कलमांत. सुगम्यतेची कलमं ४० पासून सुरू होतात. वाजवी सोयीची व्याख्या कलम २ मध्ये आहे, शिक्षणासाठी ती कलम १६ मध्ये येते आणि सरकारी नोकरीसाठी कलम २० मध्ये. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे असं याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलेलं आहे. म्हणजे साहेबांनी सोय दिली तर ती मेहेरबानी नव्हे. आणि तिला 'सवलत' म्हणायची सवय तर आपण स्वतःच आधी सोडायला हवी.

व्यवहारात सगळ्यात जास्त महत्त्वाचा फरक खर्चाच्या सबबीचा. वाजवी सोय देताना संस्थेवर 'अवाजवी बोजा' पडत असेल तर तो मुद्दा विचारात घेता येतो, आणि तोही त्या प्रकरणापुरता. सुगम्यतेच्या मानकांना ही पळवाट नाही. 'निधी नाही' हे उत्तर रॅम्पच्या बाबतीत चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात हे पक्कं केलं. या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात मानकं 'मार्गदर्शक सूचना' होऊन बसली होती: पाळली तर पाळली, नाही तर नाही. सुगम्यता हे आधीच पार पाडायचं कर्तव्य आहे आणि वाजवी सोय ही व्यक्तीनुसार नंतर द्यायची गोष्ट आहे, हेही त्याच निकालात मांडलं आहे. दोन्ही लागतात. एक केली म्हणून दुसरी माफ होत नाही.

सुगम्यता मोजता येते, आणि हीच तिची ताकद. टेप घ्या. दारापुढे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली ४५ सेंटिमीटर. चढ १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे रॅम्पची लांबी हवी ४५ गुणिले १२, ५४० सेंटिमीटर. जवळजवळ साडेपाच मीटर. प्रत्यक्षात काय दिसतं? पायऱ्यांवरच सिमेंट ओतून केलेली दीड मीटरची घसरगुंडी. तिचा चढ १:३ च्या आसपास. त्यावर चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही, ढकलणारा धापा टाकतो आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. असा रॅम्प नसलेला बरा, कारण तो कागदावर 'रॅम्प आहे' अशी नोंद करून बसतो.

रॅम्प चढून वर पोचल्यावर सपाट जागा हवी. खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. तेवढी जागा नसेल आणि दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल, तर दार उघडायला खुर्ची मागे घ्यावी लागते, थेट उतारावर. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. हे माप दार उघडं धरून मोकळ्या जागेचं घ्या, चौकटीचं नको. स्वच्छतागृहाचं दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. आणि ते दार उघडून पाहाच: आत बादल्या, खराटे आणि मोडकी खुर्ची ठेवलेली असते.

जमिनीवरच्या पिवळ्या ठिपक्या-रेघांच्या फरशांचंही तसंच. लांब रेघा म्हणजे 'असंच पुढे चला', ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काही आहे'. कंत्राटदाराला दोन्हींतला फरक ठाऊक नसला की ठिपक्यांचीच वाट आखली जाते आणि तिच्या मधोमध खांब उभा असतो.

सुगम्यता फक्त विटांची नाही. सरकारी परिपत्रक स्कॅन करून टाकलं की स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते निव्वळ चित्र. मराठीत आणखी एक खास दुखणं आहे: युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, सोडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. डोळ्यांना तो शुद्ध मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर वाचतो ती चिन्हांची खिचडी. इथे उपाय फुकटचा आहे: युनिकोडमध्ये टाइप करा आणि स्कॅन न करता मूळ फाइलच पीडीएफ करा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे असं सांगितलं. तिथे मुद्दा ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा होता. कॅमेऱ्यापुढे पापणी लववा असं यंत्र सांगतं, पण ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीने काय करायचं?

वाजवी सोयीकडे वळलं की टेप ठेवून द्यायची आणि माणसाला विचारायचं. एकच निदान असलेल्या दोघांना वेगळ्या गोष्टी लागतात. बहिऱ्या कर्मचाऱ्याला बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल, दुसऱ्याला कार्यसूची आदल्या दिवशी लेखी मिळाली तरी पुरेल. मनोविकाराची औषधं घेणाऱ्याला सकाळी आठऐवजी दहाची पाळी दिली तर काम बिनबोभाट होतं. स्वमग्न मुलाला परीक्षेत शांत, वेगळी खोली लागते. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, हाही याच जातीचा प्रकार.

इथे 'दिली' म्हणून चुकीची सोय देण्याचा धोका मोठा. अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका झेरॉक्सवर मोठी करून देतात. ए-फोरची ए-थ्री केली की वाढ १४१ टक्के, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम १७ पॉइंटचं होतं. शिवाय ते फिकट पडतं, आणि तो कागद बाकावर मावत नाही. मूळ फाइलच २० पॉइंटमध्ये छापली असती तर काम झालं असतं. कुठला आकार हवा ते विद्यार्थ्यालाच विचारायचं. एरवी कुणी विचारत नाही.

टक्क्यांचाही घोळ आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. वाजवी सोयीला ही अट नाही. २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग निकालात उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, प्रमाण ४० टक्क्यांच्या खूप खाली, तरी लेखनिकाचा हक्क मान्य झाला. '४० टक्क्यांचा दाखला आणा, मग बघू' असं कुणी म्हटलं तर हा निकाल अर्जात लिहा.

आता अर्ज. वाजवी सोयीच्या अर्जात 'योग्य त्या सुविधा मिळाव्यात' हे वाक्य लिहू नका. त्याला काहीही उत्तर देता येतं. कुठलं काम आहे, त्यात नेमकी काय अडचण येते, कोणती गोष्ट केली तर ती दूर होते आणि कधीपर्यंत हवी, एवढं लिहा. एक पर्यायही सुचवा. 'अवाजवी बोजा' म्हणायला जागा उरत नाही. पोच घ्या. सरकारी नोकरीतली सोय नाकारली तर त्या कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. कलम २३ नुसार त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे.

सुगम्यतेच्या तक्रारीत मात्र तुमचा दाखला, तुमची अडचण यांची गरजच नाही. टेप धरलेले फोटो, मापं, तारीख. इमारत नवी असेल तर माहितीच्या अधिकारात भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा: कलम ४४ नुसार मानकं न पाळलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखलाच देता येत नाही, त्यामुळे प्रश्न मालकाबरोबर दाखला देणाऱ्यालाही विचारता येतो. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. राज्यातली तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. त्यांनी शिफारस केली की संबंधित यंत्रणेला काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं.

एका शाळेचं उदाहरण धरू. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नववीतली मुलगी चाकाच्या खुर्चीवर. यंदाचे प्रयोग तळमजल्यावर घ्या, ही वाजवी सोय. तिचा अर्ज मुख्याध्यापकांकडे. लिफ्ट बसवा, ही सुगम्यता. तिचा अर्ज संस्थाचालकांकडे. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, पण वेगळ्या कागदांवर द्या आणि आवक क्रमांक वेगवेगळे घ्या. एकाच कागदावर दिले तर प्रयोगाचं टेबल खाली आलं की 'अर्ज निकाली' असा शेरा पडतो, आणि मुलगी दहावी होऊन गेली की टेबल पुन्हा वर जातं.